एवढ्यानं काय होतंय

आज दुपारी एका पहिल्या वाढदिवसाला गेले होते. वर्षाचं लेकरू, अजून धड उभंही राहत नाही. त्याची आई सांगत होती, "त्याला गोड नको, अजून दिलेलं नाही." तिचं ऐकतंय कोण! आत्यानं बोटावर केकचं क्रीम घेतलं आणि घातलं तोंडात. वर सगळ्यांनी मिळून त्या पोरीलाच बोल लावले. "फार शहाणी झालीयेस. एवढ्यानं काय होतंय?"

घरी आल्यापासून तेवढंच वाक्य कानात घुमतंय. कारण आमच्या आप्पांच्या तोंडी तेच असायचं.

आमचं घर उसावरचं. माझी फी, ताईचं लग्न, घराचा स्लॅब, सगळं उसाच्या बिलातून झालं. दिवाळीच्या आधी कारखान्याची शेअरची साखर यायची आणि आई पोतं कोठीत ठेवायची. विकत आणायची नसल्यामुळे साखर मोजायची सवयच नव्हती. आप्पांचा दिवसाला सहा कप चहा, कपाला तीन चमचे. म्हणजे 18 चमचे, 70 ते 90 ग्रॅम, तेही फक्त चहातून. दिवसभरात वरची, म्हणजे पदार्थात वरून घातलेली, साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवा, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसांना सांगते. आणि दोन वर्षांखालच्या बाळाला? वरची साखर द्यायचीच नाही. त्या पोरीचं काय चुकलं, सांगा ना मला!

आप्पांना मधुमेह झाला. मान्य आहे, एकट्या साखरेनं तो होत नाही. आप्पांच्या आईलाही होता, आणि शेत वाट्यानं दिल्यावर आप्पांचं हिंडणंफिरणं बंद झालं. पण आगीत तेल कुणी ओतलं? पोटाचा घेर वाढला, सोनोग्राफीत लिव्हरला चरबी निघाली. दारूला आयुष्यात न शिवलेला माणूस! साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, तो मुख्यतः लिव्हरलाच निस्तरावा लागतो, आणि रोजच जास्त झालं की त्याची चरबी होते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आणि मग तो अंगठा. नवी चप्पल चावली, फोड फुटला, आत पू झाला, आप्पांना पत्ताच नाही. दुखतच नव्हतं. पायाच्या नसा केव्हाच बधिर झाल्या होत्या. आईला मोज्यावरचा डाग दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला.

लोक म्हणतात, आम्ही तर गुळाचा चहा घेतो. घ्या, पण औषध म्हणून तीन-तीन चमचे घालू नका. रक्तात गेल्यावर गूळ, मध, साखर यांत फार फरक उरत नाही. आणि डब्यात बिस्किटं, दुधात चॉकलेटची पावडर, वर पाकिटातला आंब्याचा ज्यूस, हे सगळं पोटात गेल्यावर पोरांना "भूक लागत नाही" म्हणून डॉक्टरकडे न्यायचं! माझ्या भाच्याचे पुढचे चार दात चार वर्षांचा असताना काळे पडले. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपायचा. दुधाचे दात पडणारच की, म्हणे. ते लेकरू ठणक्यानं रात्र-रात्र रडलंय, मी मांडीवर घेऊन बसलेय.

सणाला पुरणपोळी खाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही खाते. माझा राग त्या रोजच्या, न मोजलेल्या साखरेवर आहे, आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात जिलबी वाढणाऱ्या आग्रहावर आहे. आप्पांचा अंगठा गेल्यावर भेटायला आलेले लोकसुद्धा पेढ्यांचे पुडे घेऊन आले होते. आणि आप्पांनी त्यातला एक उचललाच. "एवढ्यानं काय होतंय गं."

आईवर मी तेव्हा फार ओरडले. तूच घालत होतीस ना तीन-तीन चमचे, असं तोंडावर म्हटलं. ती काही बोलली नाही. तिच्या माहेरी साखर फक्त पाहुणा आला तरच निघायची. नवऱ्याला रोज गोड चहा करून देता येतो, याचं तिला केवढं अप्रूप होतं, हे मला फार उशिरा समजलं.

आज त्या हॉलमध्ये मी तिसऱ्या खुर्चीवर होते. सगळं माहीत असून एक शब्द बोलले नाही. मघाशी त्या पोरीला फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर होतं, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, पुढच्या रविवारी सासरी जावळाचा कार्यक्रम आहे. तुम्ही याल का?"

जाणार आहे.