किलोमीटरला एक रुपया

गेल्या आठवड्यात ऑफिसात एकाने स्पष्टच विचारलं, "मॅडम, थॅलेसेमियाच्या पोरांना मदत करायची तर सरळ पैसे द्या की. त्यासाठी एकवीस किलोमीटर कशाला पळायलाव?" प्रश्न रास्त आहे. चार वर्षं मी याच कामासाठी पळतेय, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की मला पळायला मनापासून आवडतं. पहाटे पाचला सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून निघायचं, विजापूर रोडने कंबर तलाव गाठायचा, तिथे बाकीचे भेटले की एकत्र परत फिरायचं. डिसेंबरच्या गारव्यात तर घरी यावंसंच वाटत नाही. चांगलं काम तोंड पाडूनच करावं असं थोडंच आहे?

आता कामाचं. आमच्या गल्लीत एक नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात, गंभीर आजार. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. मुलीला दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढवावं लागतं, एवढं लोकांना माहीत असतं. पण चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साठत जातं, हृदयात, यकृतात. ते बाहेर काढायला रोजच्या गोळ्या लागतात, त्याही कायमच्या. रक्तदान शिबिरं आपल्याकडे प्रत्येक जयंतीला होतात आणि ती व्हायलाच हवीत. गोळ्यांसाठी मात्र कुणी मंडप घालत नाही. (आणि लग्नाआधी मुलामुलीने थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्या हो. पत्रिका बघता, तेवढंच हेही बघा. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी दोघांच्या अंगात या आजाराचा दोष असला, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.)

पूर्वी कुणाकडे पैसे मागायला माझी जीभ रेटत नसे. पळायला लागल्यावर मागायला एक निमित्त मिळालं. "एकवीस किलोमीटर पळणार आहे, किलोमीटरला एक रुपया द्या" असं म्हटलं की समोरचा हसतो, चौकशी करतो आणि देतोही. आमच्या कोपऱ्यावर कडक भाकरी विकणाऱ्या मावशी आहेत. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, डब्यातून दहाच्या दोन नोटा आणि एक नाणं काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "पोरगी शाळेला जाती का?" त्या वेळच्या शर्यतीत सतराव्या किलोमीटरला माझ्या पोटरीत गोळा आला. मी रस्त्याकडेला बसले, पाय चोळला. मावशींचे चार रुपये अजून पळायचे राहिले होते. उठले आणि पूर्ण केलं.

कॅनडाचा टेरी फॉक्स मला नेहमी आठवतो. हाडाच्या कॅन्सरमुळे 1977 साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. 1980 मध्ये तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्यामुळे थांबावं लागलं. त्याचं मागणं काय होतं? प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. 1981 च्या जूनमध्ये तो गेला, पण त्याआधी देशाच्या लोकसंख्येएवढे डॉलर जमलेले त्याने पाहिले.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे आणि तो इथे मांडते. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या बॅनरवर अनाथ मुलांचे फोटो होते. आम्ही उत्साहाने फी भरली. टी-शर्ट, मेडल, नाश्ता सगळं उत्तम. नंतर मुलांसाठी किती रक्कम गेली ते तीनदा विचारलं, उत्तर आलं नाही. टी-शर्ट, मेडल, टायमिंग चिप, पाणी, मंडप या सगळ्याला पैसे लागतात हे मला कळतं. फीमधून काही उरलं नसेल तर तसं सांगा, आम्ही तरी पळू. पण ज्या मुलांचे फोटो लावले त्यांच्या नावाचा हिशोब मिळालाच पाहिजे. तेव्हापासून मी फीला देणगी समजत नाही. माझ्या ओळखीत जमवलेले पैसे वेगळे ठेवते, थेट औषधांच्या बिलाला भरते आणि पावती सगळ्यांना पाठवते.

"आपल्या गावात हे फॅड चालणार नाही" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की संक्रांतीला इथे सिद्धेश्वर यात्रेत माणसं नंदीध्वजाच्या उंच, जड काठ्या पेलत शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांची प्रदक्षिणा घालतात. अंग झिजवून सेवा करायची असते, हे सोलापूरकराला कुणी शिकवायला नको.

जानेवारीत पुन्हा एकवीस पळतेय. कुणाला किलोमीटरला रुपया द्यायचा असेल तर मेसेज करा. मावशींचे एकवीस कालच आले. बिल भरलं की पावतीचा फोटो इथेच टाकेन.