पुढच्या दाराने व्हेनिस

माणसाला किती चालता येतं, याबद्दल खुद्द त्या माणसाचं मत कोणी विचारात घेत नाही. माझ्या मते मी सपाट रस्त्यावर दोनशे मीटर चालतो, मग बूड टेकायला काहीतरी लागतं. आमच्या हिच्या मते मी ‘मनावर घेतलं तर’ कितीही चालतो. लग्नात पंगत बसली की मी कसा निघतो, हे तिने पाहिलंय म्हणे. आमचे साडू रोज पहाटे दहा हजार पावलं चालून तो आकडा फॅमिली ग्रुपवर टाकतात. त्यांच्या मते गुडघेदुखी हा मुळात विचारांचा आजार आहे. डॉक्टरांनी मात्र एक्स-रे उजेडाला धरला आणि “गॅपच राह्यला नाही, काका” एवढंच सांगितलं.

गुडघे गेले ते कालव्यापायी. मी कालवा निरीक्षक होतो. गिरणेच्या कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की हेडपासून टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या तोंडापासून शेवटापर्यंत, काठाकाठाने फिरायचं, रात्रीतून कोणी दार उचकटलं, कोणी चारी फोडली ते बघायचं, आणि टेलच्या शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. उभी नोकरी पाटावर गेली. त्यामुळे म्युनिकच्या जावयाने “पप्पा, यंदा तुम्हाला व्हेनिसचे कालवे दाखवतो” असं मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा मला काय वाटलं असेल ते एसटीच्या रिटायर कंडक्टरला चारधामला एसटीनेच नेलं तर त्यालाच कळेल.

बातमी जळगावात पसरायला संध्याकाळ पुरली. शेजारच्या काकूंनी निर्गुडीच्या तेलाची बाटली दिली. ती विमानात सांडली आणि तेव्हापासून माझ्या सगळ्या शर्टांचे गुडघे चांगले आहेत. कोणी नी-कॅप दिली, कोणी काठी. ती काठी मी नाकारली, कारण काठी घेतली की साडू पुढे होऊन माझं बखोट धरतात आणि मग चालण्याचा वेग ते ठरवतात. एकट्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मुद्द्याचं विचारलं, “भाऊ, तिथं तं सगळं पाणीच ना? मग चालून कुठं राह्यले? होडीत बसा ना!” सगळे हसले. साडू सगळ्यात जास्त हसले, कारण त्यांनी अभ्यास केला होता.

तो अभ्यास त्यांनी गाडीत ऐकवला. व्हेनिस म्हणजे ११८ बेटं आणि त्यांना जोडणारे चारशेच्या वर पूल. मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा चालवायची नाही. रेल्वे १८४६ मध्ये खाडीवरच्या पुलावरून आली, मोटारीचा रस्ता १९३३ मध्ये, आणि दोन्ही गावाच्या तोंडाशीच थांबले. “पुढे सगळं पायी!” साडूंनी हे ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात लोक ‘पुढे सगळं फुकट’ म्हणतात. पुलांखालून होड्या जायच्या असतात, म्हणून पूल कमानीचे. कमान चढायची म्हणून पायऱ्या. उतार असलेले पूल अगदी मोजके.

हॉटेलवाल्याने जावयाला फोनवर अंतर सांगितलं होतं, “स्टेशनपासून पाच मिनिटं, तीन पूल.” आमच्या खान्देशात वाट विचारली की लोक ‘हे काय, आठेच शे’ (इथेच तर आहे) म्हणतात आणि गाव निघतं दोन कोसांवर, तेव्हा पाच मिनिटांवर माझा विश्वास नव्हताच. पण इथे मिनिटं खोटी आणि पूल खरे असतात. नंतर मी वाट विचारताना मिनिटं विचारणं सोडून दिलं. “किती पूल?” एवढंच विचारायचं. शून्य उत्तर आलं तर जायचं, एक आलं तर विचार करायचा, दोन आलं की ‘ते फोटोत बघू’.

पुलाच्या बाबतीत चांगल्या गुडघेवाल्यांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं त्रास चढताना होतो. म्हणून चढताना चार हात मदतीला येतात, “हळू, पप्पा”, “जिजाजी, इथं धरा”, आणि माथ्यावर पोचलं की सगळे ‘झालं!’ म्हणून फोटो काढायला पांगतात. खरं मरण उतरताना असतं. पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या दगडाची पट्टी असते, शेकडो वर्षांच्या वावराने गुळगुळीत झालेली, आणि त्यावर नुकता पाऊस पडून गेलेला. मी पहिला पूल उलटा उतरलो, तोंड पुलाकडे आणि पाठ गावाकडे. मागून येणाऱ्या एका जपानी कुटुंबाला वाटलं असावं की हा इथला काही रिवाज आहे. त्यातले आजोबाही उलटे फिरले. आम्ही दोघे एकमेकांना मान लववत उतरलो. बॅगा मात्र जावयाच्या डोक्यावर. एका बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिबडे होते. ती बॅग तिसऱ्या पुलावर त्याने जरा जोरात टेकवली, त्यामुळे बिबडे पुढे चमच्याने खाल्ले.

स्टेशनजवळच एक नवा पूल आहे, २००८ मधला, काचेच्या पायऱ्यांचा. दिसायला देखणा. चांगले धडधाकट लोक त्या काचेवर घसरून पडत, त्यामुळे पुढे काच काढून दगड बसवायचं ठरलं. चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी याच पुलाच्या अंगाने एक अंडाकृती पाळणा लावला होता. तो इतका हळू चाले आणि उन्हात आत इतकं तापे, की २०२० मध्ये तो काढूनच टाकला. हे ऐकून मला परक्या गावात असल्यासारखं वाटेनासं झालं.

त्याहून मोठी गंमत ऑक्टोबरात असते. तेव्हा तिथे मॅरेथॉन भरते. तिच्या वाटेवरच्या पुलांवर लाकडी उतार घालतात, म्हणजे धावणाऱ्यांना पायऱ्या लागू नयेत. ज्यांना बेचाळीस किलोमीटर पळता येतं त्यांच्यासाठी उतार, आणि ज्यांना दोनशे मीटर जमत नाही त्यांच्यासाठी पायऱ्या! शहाणपण एवढंच की शर्यत संपल्यावर ते उतार काही महिने तसेच ठेवतात आणि मग आमच्यासारख्यांचा हंगाम सुरू होतो. आम्ही गेलो मे महिन्यात.

बरं, दमलो तर बसावं कुठे? बाक फार कमी. सेंट मार्कच्या चौकात एवढ्या पायऱ्या, एवढे खांबांचे ओटे, पण तिथे बसलं तर दंड, १०० ते २०० युरो. म्हणजे साधारण दहा ते वीस हजार रुपयांना एक बसणं. मी जरा कुठे टेकायला गेलो की ही “उठा! पोलीस!” म्हणायची. जळगावात कोणाच्याही ओट्यावर बसलं तर आतून पाणी येतं. इथे खुर्ची हवी तर चौकातल्या कॅफेत बसा. तिथे मी बसलो. कॉफी आली, बाजूला चार जण व्हायोलिन वाजवू लागले, मला बरं वाटलं. बिलात व्हायोलिनचे माणशी वेगळे पैसे लावले होते. साडूंनी “मी ऐकत नव्हतो” असं सांगून पाहिलं.

दुसऱ्या सकाळी मंडळी ‘गल्ल्यांतून भटकायला’ निघाली आणि जावयाने माझ्या हातात होडीचा पास ठेवला. सुटं तिकीट साडेनऊ युरोचं, पाऊण तास अधिक अर्धा तास चालतं. पास घेतला की दिवसभर चढा-उतरा. “पप्पा, एक नंबरची लाइन घ्या, घाई नाही तिला.” घाई नसलेली होडी आणि घाई नसलेला मी. धक्का तरंगता असतो, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे धक्का आणि होडी जवळपास एका पातळीला. पोऱ्या दोर टाकतो, फाटक सरकवतो, आणि माणूस चाकाच्या खुर्चीसकट आत जातो. अख्ख्या शहरात मला पायरी न लागलेली ही पहिली जागा. काही होड्यांत पुढच्या टोकाला उघड्यावर खुर्च्या असतात. तिथली एक मी धरली आणि परत सोडली नाही.

आता ग्रँड कॅनॉलबद्दल, म्हणजे तिथल्या मुख्य कालव्याबद्दल, माझं खात्यातलं मत. लांबी जवळपास ३.८ किलोमीटर, रुंदी कुठे ३० मीटर तर कुठे ९०, आणि वर उलट्या एसचं वळण. असा पाट मी खणून घेतला असता तर चौकशी लागली असती. पण तो खणलेला नाही, खाडीतला मूळचा ओघच आहे. घरं मागून त्याच्या काठाने आली. दिवसातून दोनदा समुद्राचं आवर्तन आपोआप येतं, पाणी-अर्ज नाही, पाळीपत्रक नाही, टेलला पाणी पोचत नाही ही बोंब नाही. उलट पाणी जास्त झालं ही तिथली तक्रार. १९६६ च्या नोव्हेंबरात ते १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. आता खाडीच्या तीन तोंडांवर समुद्राच्या तळाशी ७८ दारं निजवून ठेवलीत. मोठी भरती येणार म्हटलं की त्यांत हवा भरतात, पाणी बाहेर जातं आणि दारं उभी राहतात. २०२० च्या ऑक्टोबरात ती पहिल्यांदा खऱ्या भरतीला उभी केली. मला सगळ्यात भावलं ते हे, की ही दारं रात्री पहारीने कोणालाच उचकटता येणार नाहीत.

आणि बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली, जी साडूंच्या अभ्यासात नव्हती. तिथले सगळे वाडे तोंड करून उभे आहेत ते पाण्याकडे. ती व्यापाऱ्यांची घरं. होडी थेट दाराला लागायची, माल तळमजल्यावर उतरायचा, मालक वरच्या मजल्यावर राहायचा. म्हणून कमानी, नक्षी, सज्जे, जो काही थाट करायचा तो पाण्याच्या अंगाला. का’ द’ओरो नावाचा पंधराव्या शतकातला वाडा आहे, त्याच्या दर्शनी भागावर एके काळी सोन्याचा मुलामा होता, तोही पाण्याकडच्याच अंगाला. गल्ली ही त्या घरांची मागची बाजू. म्हणजे साडू, मेव्हणी आणि आमची ही सकाळपासून पायपीट करून व्हेनिसची मोरी, मागीलदार आणि वाळत घातलेले कपडे बघत होती, आणि मी दोनशे मीटरवाला माणूस पुढच्या दारासमोरून पाहुण्यासारखा चाललो होतो! टोकाला सालुते देवळाचा मोठा घुमट येतो. १६३० च्या प्लेगमधून गाव वाचलं म्हणून नवस फेडायला बांधलेलं, पाया म्हणून चिखलात दहा लाखांहून जास्त लाकडी खांब ठोकलेले. तिथे पोचलो की मी उठायचो नाही. होडी पुढे लिडो बेटापर्यंत जायची आणि परतताना तोच कालवा दुसऱ्या बाजूने बघायचा.

दुपारी साडूंनी रिअल्टो पुलावरून (१५९१ साली पुरा झालेला, पायऱ्या भरपूर) कालव्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘२२,००० पावलांनंतरचं दृश्य’. फोटोत मधोमध एक होडी होती. होडीच्या टोकाला मी दशमी खात होतो.

सेंट मार्कच्या उंच मनोऱ्याने मात्र सगळ्यांना एका पातळीवर आणलं. जवळपास ९९ मीटर उंच. १९०२ मध्ये एका सकाळी तो अख्खा कोसळला, माणूस एकही गेला नाही, आणि १९१२ पर्यंत पुन्हा जसाच्या तसा उभा केला. मूळच्या मनोऱ्यावर गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बीण दाखवली होती. साडू बुटाच्या नाड्या आवळून तयार होते. पण वर जायला सगळ्यांना लिफ्टच. वर जाईपर्यंत ते गप्प होते.

गोंडोला मला नकोच होता. अर्ध्या तासाचे ९० युरो ठरीव, पाच जण बसा की एक बसा. पण हिने सिनेमात पाहिला होता. बसणं सोपं गेलं, कारण त्यात माझा काही भाग नव्हता. नावाड्याने दंड धरला, पुढचं पृथ्वीने केलं. होडी मुद्दाम वाकडी बांधतात, डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे एकाच वल्ह्याने ती सरळ जाते. मी हे हिला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, “आत्ता जरा गप्प बसाल का?”

उतरायची वेळ आली तेव्हा गुडघे उठेनात. बूड पाण्याच्या पातळीला, धक्का छातीला. नावाड्याने वरून ओढलं, जावयाने खालून रेटा दिला, साडू “एक, दोन” मोजत राहिले आणि तीन म्हणायला विसरले. होडी हलली, मी परत गादीवर. पुलावर बघ्यांची रांग लागली. मग शेजारच्या होडीचा आडदांड नावाडी आला, त्याने काखेत हात घातले आणि मला उचलून धक्क्यावर ठेवलं. पुलावर टाळ्या पडल्या. मेव्हणीने व्हिडिओ काढला. तो जळगावला माझ्या आधी पोचला.

त्या व्हिडिओमुळेच आता आमच्याकडे गुडघेवाल्यांची रांग असते. पुढच्या वर्षी जाणारे, सुनेने बोलावलेले, नुसतेच चौकशीखोर. मी सांगतो, एक नंबरची लाइन, सकाळी लवकर, पुढची खुर्ची, हॉटेल होडीच्या थांब्याजवळ, आणि वाट विचारताना पूल विचारा. परवा अमळनेरच्या मावशी आल्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तठे बठाले मिळस का?”

“मिळस ना मावशी. पन पैसा लागस.”

“कितला?”

मी होडीचे सांगितले, व्हायोलिनचे सांगितले, पायरीवरच्या दंडाचे सांगितले.

“म्हंजे उभं ऱ्हावानं फुकट, नि बठाना पैसा?” मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. “मंग तुना साडूलेच धाड तठे. फोटो आपन आठेच बठीसन पाहू.”