तेवढं जरा काढून टाका ना

अभिनंदन! आपल्या परिसराच्या ग्रुपचे तुम्ही आता ॲडमिन आहात. काल रात्री साडेअकराला मी तुम्हाला ॲडमिन केलं आणि अकरा एकतीसला ग्रुप सोडला. विचारून केलं नाही, कारण विचारून आजवर कोणीच झालेलं नाही. पण सहा वर्षं ही खुर्ची उबवली आहे, तेव्हा जाता जाता चार अनुभवाचे बोल सांगतो.

सगळ्यात आधी, नियम लिहू नका. लिहिलेला नियम सगळ्यांना दिसतो, आणि एकदा दिसला की तो तुमच्या मेव्हण्यालाही लागू करावा लागतो. त्यापेक्षा ‘तारतम्य’ हा शब्द हाताशी ठेवा. तारतम्याला कलम नसतं, पोटकलम नसतं आणि त्यावर अपीलही करता येत नाही. फार तर ‘ग्रुपच्या उद्दिष्टाला धरूनच पोस्ट टाकाव्यात’ एवढं एक वाक्य वर चिकटवून द्या. उद्दिष्ट काय ते मात्र सांगू नका. कोणी विचारलंच, तर ‘सुज्ञांस सांगणे न लगे’ असं लिहून दोन हात जोडा. विचारणारा आपोआप अज्ञ ठरतो.

आता खरं काम. पोस्ट काढून टाकण्याची मागणी ग्रुपवर कधीच येत नाही. ती खाजगीत येते, बहुधा तुम्ही दात घासत असताना, आणि तिची सुरुवात ठरलेली असते: “माझं काही नाही हो, पण…” या ‘पण’च्या पुढे काय आहे ते ऐकायच्या भानगडीत पडू नका. ताबडतोब काढून टाका. मी तेच करायचो.

एक नमुना सांगतो. एका सदस्याने फाटकासमोर आडव्या लावलेल्या गाडीचा फोटो टाकला. खाली एकच ओळ: ‘ही कोणाची?’ गाडीचा नंबर स्वच्छ दिसत होता. वेळ सकाळी आठ चाळीस. नऊ वाजता मालकांचा मला फोन: बदनामी चाललीय, फोटो काढा. तोवर फोटो एकोणीस जणांनी पाहिला होता आणि गाडी कोणाची हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. फोटो टाकणाऱ्यालाच ‘नंबर झाकून पुन्हा टाका’ म्हणता आलं असतं. मालकांना ‘गाडी हलवा’ म्हणता आलं असतं. पण हे पर्याय सुचण्याइतका वेळ घेणं म्हणजे नेतृत्वाचा अभाव. मी फोटो उडवला. त्या जागी पाटी उमटली, ॲडमिनने मेसेज काढून टाकल्याची, माझ्या नावासकट.

दहा मिनिटांत ‘काय होतं?’ विचारणारे चौदा जण. त्यातल्या तिघांनी ग्रुपवर आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. एकाकडे स्क्रीनशॉट होता. त्याने तो ‘फक्त माहितीसाठी’ पुन्हा टाकला, नंबरभोवती लाल गोल काढून. मी तोही उडवला. मालकांचा पुन्हा फोन: आता ते ‘काय होतं?’ पण काढा, आणि त्या पहिल्या फोटोला अंगठा देणाऱ्या काकांचं काय करताय? मी काकांना फोन लावला. अंगठा गाडीला होता, फोटोला होता की मालकांच्या नाचक्कीला, याचा लेखी खुलासा मागितला. ते म्हणाले, चष्मा लावला नव्हता. यावर दिवसभरात एकूण सत्तेचाळीस मेसेज झाले. गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इंग्रजीत त्याला चक्क एका बाईंचं नाव आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी, आपल्या समुद्रकाठच्या घराचा हवाई फोटो इंटरनेटवरून हटवावा म्हणून छायाचित्रकारावर ५ कोटी डॉलरचा दावा ठोकला. फोटो घराचा म्हणून काढलाच नव्हता. किनाऱ्याची धूप नोंदवणाऱ्या हजारो फोटोंपैकी तो एक. दाव्याआधी तो सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोनदा बाईंच्याच वकिलांनी. दाव्यानंतर महिन्याभरात चार लाखांहून अधिक लोक तो बघायला लोटले. दावा फेटाळला गेला, आणि २००५ मध्ये या प्रकाराला ‘स्ट्रायसँड इफेक्ट’ हे नाव पडलं. पण बाई मोठ्या. गाडीमालकांची गोष्ट वेगळी असेल, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

कोणी ‘विसरले जाण्याचा हक्क’ वगैरे काढलं तर गांगरू नका. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो मान्य केला. स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या जुन्या थकबाकीपोटी निघालेल्या लिलावाची वर्तमानपत्री सूचना त्यांच्या नावाने शोधलं की समोर यायची. सर्च इंजिनने ती दाखवू नये असा निकाल लागला. वर्तमानपत्रातली मूळ सूचना मात्र जागेवरच राहिली. म्हणजे ‘ठेवा’ आणि ‘उडवा’ यांच्या मधेही काही असतं म्हणे. असल्या बारकाव्यांना न्यायालयांकडे वेळ असतो. तुम्हाला नऊ वाजता ऑफिस गाठायचंय.

दोघे भांडत असतील तर निःपक्षपातीपणा दाखवा. शिवी देणारा आणि शिवी खाणारा, दोघांनाही ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ एवढंच लिहा. मेसेज काढायचे तर सारखेच काढा. एकदा मी एकाचे चार मेसेज उडवले. दुसऱ्याचे आक्षेपार्ह तीनच निघाले. तराजू समान राहावा म्हणून चौथा, त्याने टाकलेला उद्या पाणी येणार नसल्याचा निरोप उडवला. दुसऱ्या दिवशी सगळेच सारखे कोरडे होते. याहून मोठी समता कोणती?

अगदीच हाताबाहेर गेलं तर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे बटण दाबा. विलक्षण शांतता पसरते. ही शांतता म्हणजे आपल्या कणखरपणाचं फळ, असं मला तीन दिवस वाटत होतं. चौथ्या दिवशी कळलं की ‘खरा परिसर’ नावाचा दुसरा ग्रुप निघालाय आणि त्यात मी सोडून सगळे आहेत. अंगठेवाले काकाही.

एक तांत्रिक बाब ध्यानात असू द्या. आपलाच मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये आणली, तेव्हा पश्चात्तापाला ७ मिनिटांचीच मुदत होती. २०२२ पासून ती दोन दिवसांहून थोडी अधिक झाली. त्याच वर्षी दुसऱ्यांचे मेसेज उडवायचा अधिकार ॲडमिनलाही मिळाला. मात्र एकदा ग्रुप सोडला की स्वतःच्या मेसेजवरही आपला हात राहत नाही. हे मला आज सकाळी कळलं.

त्याचं असं झालं, काल रात्री निघण्याआधी मी एक निरोपाचा मेसेज टाकला होता. सहा वर्षांचं साचलेलं होतं, जरा सविस्तर झाला. गाडीमालकांचा उल्लेख आहे, नावाने आहे, आणि मेव्हण्यांचाही आलाय, तुमच्या. अजून मुदत आहे. तेवढा जरा काढून टाका ना. माझं काही नाही हो, पण…