नॅचरल आहे म्हणून जंतू त्याला सरावत नाहीत, हे कोणी ठरवलं?

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ओवा, लवंग, निलगिरी, टी ट्री यांची तेलं म्हणजे अँटीबायोटिकला नैसर्गिक पर्याय, आणि निसर्गातलं असल्यामुळे बॅक्टेरिया त्याला कधीच रेझिस्टंट (म्हणजे दाद न देणारे) होत नाहीत. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवलेल्या प्लेटा बघणं हेच काम, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. मेसेज सगळा खोटा असता तर इतकं लिहिलंही नसतं, पण त्यातलं अर्धं खरं आहे आणि त्या खऱ्या अर्ध्याच्या जोरावर उरलेलं खपतंय.

आधी खरं काय ते सांगते. ओव्याच्या तेलातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, टी ट्री ऑइलमधलं टर्पिनेन-4-ऑल, ही सगळी जंतू मारतात, यात शंका नाही. दात भरताना डेंटिस्टकडे जो लवंगेचा वास येतो तो युजेनॉलचाच. टी ट्री ऑइल त्या काळच्या कार्बोलिक अ‍ॅसिडपेक्षा जास्त जंतुनाशक आहे हे ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड नावाच्या केमिस्टने 1920 च्या दशकातच दाखवलं होतं. ही तेलं बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्यात घुसतात, तो सैल करतात, मग आतलं पोटॅशियम वगैरे बाहेर गळायला लागतं आणि पेशी मरते. एकाच तेलात पाचपन्नास घटक असतात आणि घाव थेट पडद्यावर, म्हणून एखाददुसरं जीन बदलून जंतूला सहजासहजी सुटता येत नाही. "रेझिस्टन्स येतच नाही" ही समजूत इथूनच आली असावी.

पण तेल कमी पडलं तर काय होतं? मरेल इतकं नाही, नुसतं झोंबेल इतकंच मिळालं तर?

अमेरिकेत टफ्ट्स युनिव्हर्सिटीत स्टुअर्ट लेव्ही म्हणून शास्त्रज्ञ होते, अँटीबायोटिक जपून वापरा हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्यांच्या लॅबने 1997 मध्ये एक काम छापलं. ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जंतूला पाइन ऑइल (चीडच्या झाडाचं तेल) दिलं, आणि पाइन ऑइल असलेलं घरगुती क्लीनरसुद्धा. त्यातून जे तगले ते वेगळे काढून तपासले, तर ते टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड या चारही औषधांना पूर्वीपेक्षा कमी दाद द्यायला लागले होते. या जंतूंनी अँटीबायोटिक पाहिलंसुद्धा नव्हतं! त्यांच्यात मारए नावाचं जीन जास्त जोरात चालू झालं होतं, आणि ते चालू झालं की पेशीच्या पडद्यात बसलेले पंप वाढतात. नावेत शिरलेलं पाणी उपसून बाहेर टाकावं तसं हे पंप आत आलेलं काहीही बाहेर फेकतात, मग ते देवदाराच्या जातीतल्या झाडाचं तेल असो नाहीतर फॅक्टरीत बनलेली गोळी, पंपाला त्याचं काही देणंघेणं नसतं. आणि उलटंही दिसलं, अँटीबायोटिक देऊन निवडलेले तसेच जंतू पाइन ऑइललाही दाद देत नव्हते.

2002 मध्ये पाइन ऑइल क्लीनरला सरावलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमध्ये व्हँकोमायसिन आणि ऑक्झासिलिन या अँटीबायोटिक्सचा परिणाम घटलेला दिसला. व्हँकोमायसिन हे आमच्याकडे एमआरएसएसाठी, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या याच जंतूसाठी, राखून ठेवलेलं औषध आहे, त्यामुळे ते वाचताना पोटात गोळा येतो. 2007 मध्ये टी ट्री ऑइलबद्दलही तसंच काही छापून आलं, न मारणाऱ्या कमी डोसमध्ये काही दिवस ठेवलेले जंतू अँटीबायोटिक्सना कमी संवेदनशील झाले म्हणून. पण पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बारकाईने परत तपासलं तेव्हा टी ट्री ऑइलचा असा फारसा परिणाम दिसला नाही आणि त्या तेलाला एका झटक्यात रेझिस्टंट होणारा जंतू त्यांना मिळवता आला नाही. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीपण फॉरवर्डवाल्यांसारखीच आपल्या सोयीचं तेवढं उचलणारी ठरेन. म्हणजे तेल कुठलं, जंतू कुठला, डोस किती यावर सगळं अवलंबून आहे, आणि "निसर्गातलं" हा शब्द या हिशोबात कुठेच येत नाही. पेनिसिलिनही बुरशीतूनच आलंय की! आणि ते शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं, जंतू मरणार नाही इतकं कमी पेनिसिलिन दिलं तर लॅबमध्ये तो सहज रेझिस्टंट करता येतो.

आता आपल्या घरी या. बाजारात मिळणारं पांढरं फिनाईल बऱ्याचदा पाइन ऑइल, इमल्सिफायर आणि पाणी एवढ्याचंच असतं. बचत गटांच्या बायका ते बनवतात, चार पैसे मिळवतात, त्यांच्या कष्टाला माझा मनापासून सलाम आहे आणि हे त्यांच्याविरुद्ध अजिबात नाही. पण बाटलीवर तेल किती टक्के, किती पाण्यात किती टाकायचं हे स्पष्ट लिहिलेलं असायला हवं आणि बऱ्याच बाटल्यांवर ते नसतं. मग आपण काय करतो, बादलीभर पाण्यात अर्धं झाकण, पाणी दुधाळ झालं आणि वास आला की समाधान, त्याच पाण्याने हॉल, किचन, संडासापर्यंत सगळं पुसायचं आणि उरलेलं मोरीत ओतायचं. मोरीच्या पाइपात जंतूंचा बुळबुळीत थर असतो, तिथे हे पातळ तेल पोचतं ते रोज आणि मरण्याइतकं कधीच नाही. घरच्या फिनाईलमुळे अमुक जंतू रेझिस्टंट झाला असं कोणी सिद्ध केलेलं नाही, मीही तसं म्हणत नाही. पण लॅबमध्ये जी परिस्थिती मुद्दाम तयार करतात ती आपण रोज फुकट तयार करायची कशाला? घराची फरशी साध्या साबणाच्या पाण्याने उत्तम निघते.

हॉस्पिटलचं मात्र मी ठामपणे सांगेन. स्यूडोमोनास हा जंतू ओलाव्यात, सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी राहतो, जळालेल्या आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना धरतो, आणि पाइन ऑइलला तो मुळातच फारसा जुमानत नाही. लहान नर्सिंग होममध्ये पांढऱ्या फिनाईलच्या वासाला निर्जंतुक समजून चालणार नाही, तिथे नीट मोजलेलं हायपोक्लोराइट किंवा तत्सम काहीतरीच हवं, फरशी आधी धुऊन आणि ठरलेला वेळ ओली ठेवून. (आणि ब्लीच संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो.)

दुसरी काळजी पोटात घ्यायच्या तेलांची. ओळखीतल्या एक काकू आहेत, लघवीच्या इन्फेक्शनने सारख्या हैराण. कल्चरमध्ये ई. कोलाय, रिपोर्टवर एकाखाली एक "आर", म्हणजे रेझिस्टंट, खाली दोनतीनच "एस", म्हणजे लागू पडणारी औषधं, उरलेले. त्यांच्या मुलाने ऑनलाइन ऑरेगॅनो ऑइलच्या कॅप्सूल मागवल्या, लॅबमध्ये ई. कोलाय मारतं असं वाचलं म्हणून. मी त्यांना शांतपणे समजावलं की काकू, लॅबमध्ये अँटीबायोटिकला जंतू थांबवायला एका मिलिलिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम पुरतात, या तेलांना बहुतेक वेळा मिलिग्रॅममध्ये लागतं, म्हणजे हजारपट फरक, आणि तेवढं तेल रक्तातून लघवीत पोचवायचं म्हटलं तर जंतूच्या आधी तुमचं पोट आणि लिव्हर बोंबलेल. त्या "एस"मधलं औषध डॉक्टरांनी दिलंय ते पूर्ण घ्या. घेतलं त्यांनी. लहान मुलांच्या बाबतीत तर अजून जपा, निलगिरी किंवा कापराचं तेल चुकून प्यायल्यावर मुलांना फिट्स आल्याच्या केसेस आहेत.

मोठा गुन्हेगार कोण हे मात्र विसरू नका. 2019 या एका वर्षात जगात अंदाजे 12.7 लाख माणसं थेट रेझिस्टंट इन्फेक्शनमुळे गेली असं लॅन्सेटमध्ये छापलेला अभ्यास सांगतो आणि त्यामागे लवंगेचं तेल नाही, आपण मन मानेल तशी वापरलेली अँटीबायोटिक्स आहेत. आपल्याकडे 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1 ही औषधांची यादी लागू आहे, त्यातली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची, तरी "सर्दी आहे, ते तीन दिवसांचं द्या" हे काउंटरवर ऐकू येतंच.

आणि तरीही मला या तेलांबद्दल आशा वाटते, म्हणून तर त्यांची अशी उधळण बघवत नाही. जुन्या अँटीबायोटिकबरोबर थोडं तेल किंवा झाडातला एखादा घटक देऊन त्याची धार परत आणता येईल का यावर बरंच काम चालू आहे. 2000 मध्ये एक सुंदर गोष्ट समोर आली, आपल्या दारुहळदीच्याच कुळातली काही झुडपं बर्बेरीन हे जंतुनाशक बनवतात आणि सोबत दुसरं एक द्रव्य बनवतात जे जंतूचा उपसणारा पंपच बंद पाडतं. झाडाला पंपाचा इलाज आपल्याआधी सापडला होता! कोंबड्यांच्या खाद्यात अँटीबायोटिकऐवजी थायमॉल, कार्वाक्रॉल असे तेलांतले घटक घालणंही वाढतंय, तिथेही डोसचा हाच प्रश्न लागू आहे.

मायक्रोबायोलॉजीच्या पोरापोरींना एक विनंती. दरवर्षी कॉलेजांत ओवा-लवंग-दालचिनीच्या तेलाचे प्रोजेक्ट होतात, प्लेटवर तेल लावलेली कागदाची डिस्क ठेवायची, भोवती स्वच्छ गोल दिसला की मिलिमीटर मोजायचे आणि शेवटी "अँटीबायोटिकला पर्याय" लिहून मोकळं व्हायचं. तो गोल तेल प्लेटमधल्या आगार जेलीत किती पसरलं आणि किती उडून गेलं यावरही ठरतो, त्यामुळे नुसत्या गोलावर थांबू नका. ट्वीनमध्ये (तेल पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ) तेल नीट मिसळून एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारा कमीत कमी डोस, काढा. मग त्याच्या निम्म्या डोसमध्ये तोच जंतू रोज नव्या ब्रॉथमध्ये (जंतूंच्या पातळ खाद्यात) वाढवत न्या, शेजारी तेल न घातलेली ट्यूब कंट्रोल म्हणून चालवा, आणि दोनतीन आठवड्यांनी दोन्हींची साधी अँटीबायोटिक डिस्क टेस्ट करा. पाइन ऑइलवाल्या पांढऱ्या फिनाईलपासून सुरुवात केलीत तर फारच उत्तम. काही फरक निघाला नाही तरी तो निकाल महत्त्वाचा आहे, तसाच लिहा, आणि कोणी केलंत तर मला नक्की पाठवा, प्लेटांच्या फोटोसकट.