सोवळ्यातलं बेट

क्रूझ म्हणजे डेकवर आरामखुर्ची, हातात सरबत आणि कुणाचा फोन नाही, असा माझा समज करून देण्यात आला होता. करून देणारा आमचा मुलगा. "आई, तू काही म्हणजे काही करायचं नाहीस, नुसतं बसून समुद्र बघायचा," असं सांगून त्याने आम्हा दोघांना अर्जेंटिनाच्या पार टोकाला, उशुआया बंदरात एका बोटीवर चढवलं. बोट फॉकलंड बेटांवरून साउथ जॉर्जियाला जाणार होती. हे साउथ जॉर्जिया कुठे आलं, असं सोसायटीत कुणी विचारलं की मी "खाली, बर्फात" एवढंच सांगत असे आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होत असे.

बोटीवर मात्र कुणाचंच तेवढ्यावर समाधान होईना.

केबिनच्या छताला एक स्पीकर होता. तो बंद करायचं बटण मी पलंगाखालीसुद्धा शोधलं. सकाळी नाश्ता उरकतो तोच हिमनद्या, मग पेंग्विन, जेवून डोळा लागतो न लागतो तोच देवमासे. काही व्याख्यानं ऐच्छिक, काही सक्तीची. सक्तीच्या व्याख्यानाला दारातच कार्ड स्कॅन करून हजेरी घेत, आणि हजेरी नाही तर बेटावर पाय ठेवायचा नाही. एवढे पैसे भरून वर हजेरी! पण हे कुणाला सांगणार? बाकीचे प्रवासी तर दहा मिनिटं आधी येऊन जागा धरत होते.

त्यात आमचे हे. हे बँकेतून निवृत्त झाले, पण ऑडिट काही यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. पहिल्याच व्याख्यानाला वही घेऊन पहिल्या रांगेत. वहीला समास आखलेला. वक्त्याने "काही प्रश्न?" म्हणायचा अवकाश, यांचा हात वर. सगळं लाउंज आधी त्या हाताकडे आणि मग माझ्याकडे बघे. मी मागे बसून, कोण बाई हे गृहस्थ, असा चेहरा करून असे.

त्यांचा एक प्रश्न मात्र बरा होता. साउथ जॉर्जिया 54 अंश दक्षिण अक्षांशावर आहे. उत्तरेकडे जवळपास तेवढ्याच अक्षांशावर इंग्लंडातलं मँचेस्टर आहे आणि तिथे लोक बागेत गुलाब लावतात. मग या बेटाचं अर्ध्याहून जास्त अंग बर्फाखाली का? व्याख्यान देणारा स्कॉटिश पोरगा या प्रश्नाने इतका खूश झाला की चहाची वेळ त्यानेच खाल्ली. अंटार्क्टिकाभोवतीचं गार पाणी उत्तरेच्या त्यामानाने उबदार पाण्याला जिथे भेटतं, तिथे समुद्रात एक सीमारेषा तयार होते. फॉकलंड बेटं त्या रेषेच्या अलीकडे, साउथ जॉर्जिया पलीकडे. म्हणून अक्षांश मँचेस्टरचा आणि हवा ध्रुवाची. आम्ही ती रेषा ओलांडली तेव्हा स्पीकरवर खुद्द कॅप्टनने ती बातमी दिली. पाण्याचं तापमान घसरलं, बाहेर धुकं दाटलं. हे टोपी घालून बाल्कनीत गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "थंडी वाढली." मी उशुआयापासूनच दोन स्वेटरांत होते, त्यामुळे मला ती सीमारेषा जाणवली नाही.

इतिहासाचा तास त्यामानाने सोपा गेला. कॅप्टन कुक जानेवारी 1775 मध्ये या बेटावर उतरला, तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नावाने झेंडा लावला आणि आपल्याला दक्षिणेचा मोठा खंडच सापडला अशा आशेने किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला. दक्षिण टोकाला पोचल्यावर किनारा वळून परत मागे जातोय हे लक्षात आलं. हे आपलं बेटच. वैतागून त्याने त्या टोकाचं नाव ठेवलं केप डिसअपॉइंटमेंट. हे माझ्या कानात कुजबुजले, "त्याच वर्षी आपले राघोबादादा सुरतेचा तह करत होते." कुठल्याही देशाच्या इतिहासात दोन मिनिटांत पेशवाई काढून दाखवणं हे यांचं कसब आहे. बेटावरचा सर्वांत उंच डोंगर माउंट पॅजेट, 2900 मीटरच्या वर. म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट, हाही हिशेब मला लगेच पुरवण्यात आला.

मग समुद्र खवळला.

बोटीतल्या माणसांनी ही बातमी तोंडाने दिली नाही. मी केबिनचं दार उघडलं तर कॉरिडॉरभर कठड्याच्या दांड्यांमध्ये हातहातभर अंतरावर कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या. न बोलता किती सांगता येतं! मी पर्समधून आलेपाक काढला, ओवा चावला, आवळासुपारी तोंडात धरली आणि आडवी झाले. तर छतातून आवाज, लाउंजमध्ये शॅकल्टन या ध्रुवीय प्रवाशावर व्याख्यान. हे म्हणाले, "चल, पडून राहिलं की जास्त लागतं."

व्याख्यान देणाऱ्या नॉर्वेच्या सत्तरीच्या बाई एका हाताने खांब धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हाताने नकाशा दाखवत होत्या. लाउंज डावीकडे कललं की आम्ही सगळे डावीकडे, उजवीकडे कललं की उजवीकडे. त्यांचा आवाज मात्र जागचा हलत नव्हता. अंटार्क्टिका खंड पायी ओलांडायला शॅकल्टन डिसेंबर 1914 मध्ये याच साउथ जॉर्जियाहून निघाला. जहाज बर्फात अडकलं, बर्फाच्या दाबाने चिरडलं आणि नोव्हेंबर 1915 मध्ये बुडालं. सगळी माणसं महिनोन् महिने तरंगत्या बर्फावर राहून कशीबशी एलिफंट बेटाला लागली. तिथे बावीस जणांना ठेवून शॅकल्टन पाच माणसांसह एका साडेबावीस फुटी होडीतून मदत आणायला निघाला. साडेबावीस फूट म्हणजे आमची केबिन, बाल्कनी धरून. तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर, हाच समुद्र, अंगावर गोठणारं पाणी. झोपायला रेनडिअरच्या कातड्याच्या ओल्या पिशव्या, त्यांचे केस झडून जेवणात. दोन आठवड्यांनंतर 10 मे 1916 ला ते साउथ जॉर्जियाला लागले खरे, पण चुकीच्या बाजूला. देवमासे पकडणाऱ्यांची वस्ती बेटाच्या पलीकडे आणि मध्ये नकाशावर न आलेले बर्फाचे डोंगर. बुटांना होडीतले स्क्रू ठोकून शॅकल्टन, वर्सली आणि क्रीन निघाले आणि छत्तीस तास चालून पलीकडे उतरले. ऑगस्टअखेर एलिफंट बेटावरचे बावीसच्या बावीस जिवंत परत आणले.

ऐकताना माझी मळमळ कुठे गेली कळलं नाही. पण त्या व्याख्यानाचा एक वाईट परिणाम झाला. त्या दिवसापासून बोटीवर कुणालाही तक्रार करायची सोय उरली नाही. सूप गार आहे म्हटलं की हे म्हणणार, "शॅकल्टनला विचार." उशी पातळ आहे म्हटलं की शॅकल्टन. शेवटी मीच एकदा हात वर केला. सगळं लाउंज वळून बघायला लागलं, यांच्यासकट. मी विचारलं, "त्यांच्या बायकोला हे कधी कळलं?" बाईंनी खांब सोडला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, साउथ जॉर्जिया सोडल्यापासून जवळपास दीड वर्ष घरी ना चिठ्ठी ना चपाटी. मे 1916 च्या शेवटी तो फॉकलंडला पोचला आणि तिथून तार केली तेव्हा इंग्लंडला समजलं. यांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. संसारात माझं वाक्य वहीत जाण्याचा हा पहिलाच प्रसंग.

देवमाशांच्या तासाला कुणी काही विचारलं नाही. कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेच्या कप्तानाने 1904 मध्ये साउथ जॉर्जियावरच्या ग्रितविकेनला कारखाना काढला आणि साठेक वर्षांत या एका बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापले गेले. त्यांच्या तेलाचे साबण, त्यांच्या तेलाचं मार्गारिन. देवमासे मिळेनासे झाले तेव्हा कारखाने बंद पडले. बाईंनी प्रोजेक्टर बंद केला आणि आम्ही जेवायला गेलो.

आता उंदरांकडे येते, कारण माझा खरा छळ उंदरांमुळे झाला.

सील आणि देवमासे मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर बेटावर उतरले. पिपिट नावाचा चिमुकला पक्षी जगात फक्त या बेटावर असतो आणि जमिनीवर घरटं करतो. उंदरांनी त्याची अंडी-पिल्लं फस्त केली. हिमनद्या समुद्रापर्यंत येत असल्यामुळे उंदरांना एका भागातून दुसऱ्या भागात जाता येत नव्हतं. म्हणूनच हेलिकॉप्टरमधून औषध टाकत 2011 पासून 2015 पर्यंत एकेक भाग साफ करता आला. त्यातही घाई होती, कारण हिमनद्या मागे हटत होत्या आणि रस्ता मोकळा झाला असता तर सगळे उंदीर एक झाले असते. नंतर कुत्र्यांना हुंगायला लावून खात्री केली आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. ठीक. उत्तम. पण एवढं करून बसल्यावर तिथल्या सरकारने ठरवलं की आता बाहेरून एक बीसुद्धा येता कामा नये. आणि तिथे मी आले.

आमच्या आजेसासूबाई सोवळ्यात असल्या की वाळत घातलेलं लुगडं काठीनेच काढायचं, असा दंडक होता. मला वाटायचं, सोवळ्याची ती हद्द. बोटीवरच्या बायोसिक्युरिटीवाल्या मुलांनी ती हद्द सकाळच्या एका बॅचमध्ये ओलांडली. डेक क्रमांकानुसार बोलावणं. वरचे सगळे कपडे, बॅगा, टोप्या, कॅमेऱ्याचे पट्टे घेऊन लाउंजमध्ये. तिथे व्हॅक्युम क्लीनर, चिमटे, सरळ केलेले पेपरक्लिप आणि कपाळावर दिवे लावलेली पोरं. खिसे उलटे करायचे, शिवणीतून नळी फिरवायची, व्हेल्क्रोच्या दातांतला कण न् कण चिमट्याने वेचायचा. माझ्या शेजारच्या जर्मन आजोबांनी आपली पिशवी एवढी घासली की तिचा रंग निघाला.

माझ्या पर्सने पहिला धक्का दिला. ओवा आणि बडीशेप. दोन्ही बियाच. त्या मुलीने डबी प्रकाशात धरली आणि अशी काही बघितली की मला वाटलं आता कोठडी. पर्स बेटावर नेणार नाही, असं वचन देऊन मी सुटले. मग यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून तीन-चार लाल दाणे निघाले. "हे काय?" हे म्हणाले, "तांदूळ." "शिजवायचे?" "नाही, टाकायचे." पुतण्याच्या लग्नातल्या अक्षता! नवरा-नवरीच्या डोक्यावर पडायच्या त्या यांच्या खिशात. तिने त्या एका छोट्या पिशवीत भरल्या आणि पिशवीवर काहीतरी लिहिलं.

पण खरी मेजवानी यांच्या ट्रेकच्या पँटमध्ये होती. पायाशी व्हेल्क्रोची पट्टी आणि तिच्यात राजमाचीची कुसळं. सुईएवढं टोक, मागे पिळदार शेपटी. ओलं झालं की शेपटी वळते आणि कुसळ आपोआप आत रुततं, म्हणून धुऊनही गेलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात आपली माणसं तरबेज, पण पगार घेऊन ते काम करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. एकेक कुसळ चिमट्यात धरून ती मुलगी विचारायची, हे कुठलं? यांनी संधी सोडली नाही. राजमाची कुठे, श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले कुठले, महाराजांनी तो कधी घेतला, सगळं. एवढ्या दिवसांत ऐकलेल्या व्याख्यानांची परतफेड यांनी एका बैठकीत केली. पोरगी बिचारी चिमटा हातात धरून मान हलवत होती. तिची हजेरी कुणी घेतली नाही.

ग्रितविकेनला सरकारी अधिकारी बोटीवर आला. काही जणांची तपासणी होणार होती. हे आपणहून पुढे झाले. जन्मभर दुसऱ्यांची खाती तपासलेला माणूस कठडा धरून एका पायावर उभा, आणि तो अधिकारी बुटाच्या तळव्याच्या खाचेत दिवा मारून बघतोय. आधी डावा, मग उजवा. पास झाल्यावर यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी पदोन्नतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

खाली गंजलेल्या टाक्या, 1913 चं पांढरं लाकडी चर्च आणि शॅकल्टनची कबर. 1922 मध्ये पुन्हा मोहिमेवर येताना तो याच बंदरात वारला. तिथे व्हिस्कीचा घोट घेऊन उरलेली कबरीवर ओतायचा रिवाज आहे. हे पीत नाहीत, तेव्हा यांनी सगळीच्या सगळी शॅकल्टनला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सेंट अँड्र्यूज बे. सुमारे दीड लाख जोडप्यांची किंग पेंग्विनची वसाहत, मध्येमध्ये तपकिरी लोकरीत गुंडाळलेली त्यांची पिल्लं, आणि वास असा की ओव्याची आठवण यावी. बर्ड फ्लू 2023 मध्ये बेटावर पोचल्यापासून बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग खाली ठेवायची नाही. माझ्या गुडघ्यांचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. प्राण्यांपासून पाच मीटर दूर राहायचं, हे तर तोंडपाठ होतं.

पेंग्विन त्या तासाला नव्हते. एक जण रमतगमत थेट यांच्यापुढे येऊन उभा राहिला. हे एक पाऊल मागे सरकले, तोही पुढे आला. मागे आणखी चौघे. हात वर करून हे जागच्या जागी थिजले. पेंग्विनने मान वाकडी करून यांची पँट पाहिली, व्हेल्क्रोला चोच मारून पाहिली, मग बुटाकडे वळला. आणि यांनी, देवाशप्पथ, एक पाय उचलून त्याला तळवा दाखवला.

त्याने तो नीट पाहिला आणि जर्मन आजोबांकडे निघाला.