माशापासून लपताना

मी मूळचा मालवणचा. माझा आजा खडकावर बसून गरवायचा, म्हणजे गळाने मासे पकडायचा. कमरेला पंचा, बोटाला दोरी, तोंडात विडी, संपलं. गरवायला याहून जास्त सामान लागतं हे अमेरिकेतल्या मिनेसोटात येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' अशी जाहिरात असते. मोजायला बसलं तर दहा एकरांवरची तळीच ११,८४२ भरतात. पाटीवर कमी लिहून पदरात जास्त टाकणारं हे मी पाहिलेलं एकमेव सरकार. हिवाळ्यात ही तळी गोठतात, आणि एरवी बरी वागणारी माणसं त्यांच्यावर चालत जाऊन भोक पाडतात आणि भोकाकडे बघत दिवस काढतात. अकरा वर्षं मी काठावरून हसलो. बाराव्या वर्षी पोराने जेवताना विचारलं, "बाबा, तू मालवणचा ना? मग तुला मासे पकडता कसे येत नाहीत?"

यावर बापाला उणे बावीस अंशांतही जावंच लागतं.

बर्फावर बसायचं तर वाऱ्याला आडोसा हवा. दुकानात त्यासाठीचे खास तंबू होते. दुहेरी कापडाचे, आत थर भरून गोधडीसारखे शिवलेले. मी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि होती तशी परत उलटी करून ठेवली. मग शेजाऱ्याच्या गॅरेजमधलं लपण आठवलं, म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायचा तंबू. शेजारी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो. काठ्या जिथे जुळतात अशा पाच गाठींवर छत्रीसारखा उघडणारा त्याचा तंबू आहे, बाहेरून वाळक्या पानांची नक्षी, आतून काळाकुट्ट. वर्षातले पंधरा दिवस तो जंगलात असतो आणि उरलेले साडेअकरा महिने खुंटीवर. असं रिकामं बसलेलं काही दिसलं की माझा जीव कासावीस होतो. तंबू तो तंबू. हरणाला काय आणि माशाला काय!

शेजारी बराच वेळ गप्प राहिला. "ने," शेवटी म्हणाला, "पण त्याला वास लागू देऊ नकोस. हरणाला फार लांबून कळतं." हा माणूस शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने वेगळे धुतो आणि डब्यात बंद करून ठेवतो. लोणच्याच्या बरणीला कोरडा हात लावा म्हणणाऱ्या माझ्या आजीएवढाच कडक.

"वास? छे छे," मी म्हणालो.

आम्ही मिल लॅक्सला गेलो. मिनिआपोलिसच्या उत्तरेला दीड-दोन तासांवर. नावाचा फ्रेंचमध्ये अर्थ 'हजार तळी', आणि तळं एकच. पण ते एकच १,३२,००० एकरांचं, आणि खोली जास्तीत जास्त ४२ फूट. बशीत ओतलेला चहा जसा. पलीकडचा काठ दिसत नाही, आणि मध्ये वाऱ्याला अडवायला झाड सोडा, काडी नाही. ही माहिती मला घरबसल्या मिळाली असती. पण मी फक्त बर्फाची जाडी बघितली होती. चालणाऱ्या माणसाला चांगला स्वच्छ बर्फ चार इंच पुरतो असं सरकारी खातं सांगतं. तिथे अठरा इंच होता. शेजारून ट्रक जात होते. तरीही मी पावलं अशी टाकत होतो जशी रात्री उशिरा घरी आलेला नवरा टाकतो. मध्येच बर्फ खालून कण्हला. लांब, घोगरा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारा आवाज. थंडीने बर्फ ताणला की तो असा ओरडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी पोराला समजावलं. त्याचा हात घट्ट धरून.

आधी भोक. त्यासाठीचं हत्यार म्हणजे आपलं गिरमिटच, फक्त माझ्या छातीएवढं उंच. अठरा इंच हाताने पाडताना मला घाम फुटला, आणि उणे बावीसमध्ये घाम म्हणजे अंगावर घातलेलं गार पाणी.

मग तंबू. गाठीचं कडं ओढलं की एक बाजू 'फट्' करून बाहेर येते. चार भिंती आणि एक छप्पर. तिसरी भिंत उघडताच वारा आत शिरला आणि तंबू निघाला. जूनच्या पहिल्या पावसात शेजारच्याची ताडपत्री जाते तसा. त्याच्या मागे दोरी धरून पोरगा घसरत निघाला आणि पोराच्या मागे मी. तंबूबरोबरच्या खुंट्या जंगलातल्या मऊ मातीसाठी होत्या. बर्फावर पहिली वाकली, दुसरी उडाली, तिसरी आजही तिथेच कुठेतरी असेल. बर्फात पिळून बसवायचे जाड स्क्रू वेगळे मिळतात. ते त्या गोधडीवाल्या तंबूबरोबर मिळत होते. शेवटी मी तंबूला गाडीच्या जॅकला बांधलं आणि दुसऱ्या कोपऱ्याला पोराला बसवलं.

आत गेल्यावर एकेक खुबी उलगडत गेली. हरणाला चेनचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्यांना चेन नाही, नुसते आकडे. त्यामुळे प्रत्येक खिडकीच्या कडेने वारा शिट्टी वाजवत येत होता. शिकाऱ्याला तीन बाजूंनी दिसावं म्हणून खिडक्या तरी किती! खाली कापड बर्फाला टेकत नव्हतं. खऱ्या तंबूला बाहेर झालर असते आणि तिच्यावर बर्फ लोटून फट बुजवतात. आमच्या फटीतून बाहेरून जाणाऱ्यांचे बूट दिसत होते. ते बूट येत, थबकत, आणि पुढे जात. नंतर मी बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा कारण कळलं. जंगलात अदृश्य होणारी ती वाळक्या पानांची नक्षी पांढऱ्याशुभ्र तळ्यावर मैलभरावरून उठून दिसत होती. आणि लपायचं तरी कोणापासून? मासा अठरा इंच बर्फाखाली होता. तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास असतं, कारण त्या तापमानाला ते सर्वांत जड होऊन खाली बसतं. म्हणजे मासा अधिक चारमध्ये, आम्ही उणे बावीसमध्ये. आडोसा खरा आम्हाला हवा होता, आणि तो मिळाला नव्हता.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सगळ्या खिडक्या बंद केल्यावर आतल्या त्या काळोखात भोक पेटलं. बर्फातून झिरपलेला उजेड पाण्यातून वर येत होता, हिरवट, दिव्यासारखा. गळाचं लुकलुकणारं टोक खोल जाताना दिसत होतं. इथले काही लोक मुद्दाम असं अंधारं खोपट बांधून त्यातून नॉर्दर्न पाइक नावाचा मासा भाल्याने मारतात. आम्ही दोघं बादल्या उलट्या घालून त्या उजेडाकडे बघत राहिलो. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. आमच्या घरात हा विक्रम आहे.

मग मी गॅसचा हीटर लावला. बंद जागेत हीटरचा विषारी वायू साठतो म्हणून वारा खेळता ठेवा, असं त्याच्यावर ठळक लिहिलं होतं. त्या बाबतीत आम्ही जगातले सर्वांत सुरक्षित लोक होतो. ऊब वर गेली, आमच्या श्वासाची वाफ एकेरी कापडाला चिकटून गोठली होती ती वितळली, आणि तळ्याच्या मधोमध आमच्यावर पाऊस सुरू झाला.

जेवायची वेळ झाली. बायकोने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. चटणी गोठली होती म्हणून डबा हीटरवर ठेवला. मला वास आला नाही. मालवणच्या माणसाला तो वास वाटतच नाही, हवा वाटते.

तेवढ्यात आईचा फोन. "बर्फार बसान मासे गरवतंस? थंय बाजार नाय काय?"

भोकावर सारखा बर्फाचा पापुद्रा धरतो. तो काढायला चमचा लागतो म्हणून मी घरातला पुऱ्यांचा झारा आणला होता. पुढे दुकानात पाहिलं तर त्यांची खास वस्तू म्हणजे तंतोतंत झाराच, फक्त दांडा लांब. चार वाजता, उजेड उतरताना, पोराचा गळ थरथरला. वर आला वीतभर पर्च, पिवळा, अंगावर पट्टे. आम्ही ओरडलो असे की बाहेरचे बूट पुन्हा थांबले.

निघताना कळलं की दाराची चेन गोठली आहे. तेवढी एकच चेन होती, आणि तीच. आणि पावसात भिजलेला तंबू हीटर बंद करताच पत्र्यासारखा कडक झाला होता. गाठी आत ढकलाव्या तर काठ्या कडकडत होत्या. काठी मोडली तर शेजारी मला मोडेल. शेवटी सामान घसरगाडीवर घातलं, जॅक सोडला, आतून दोन बाजूंनी तंबू उचलला आणि आम्ही चालू लागलो. बाहेरून काय दिसत असेल? सूर्यास्ताच्या वेळी मिल लॅक्सवरून ओकचं एक झुडूप चार पायांवर काठाकडे निघालं आहे, आणि आतून मराठीत "डावीकडे, अरे डावीकडे" असं येतंय. गाडीपाशी कोणीतरी खिडकीचा आकडा काढून आम्हाला बाहेर घेतलं. तो सभ्य माणूस होता, काही विचारलं नाही.

तंबू गाडीच्या हीटरवर शेकत, चेपत, अर्धामुर्धा मिटवून घरी आणला आणि दिवाणखान्यात उभा केला. दोन दिवस ठिबकत होता. त्याच दोन दिवसांत, त्याच्यापासून दहा पावलांवर, पर्च तळला गेला. एकच मासा म्हणून बायकोने सोबतीला बाजारातले बांगडेही आणले होते.

एप्रिलमध्ये तंबू परत केला. झटकून, घडी घालून. शेजाऱ्याने उघडून बघितला नाही.

नोव्हेंबरात तो पाच दिवस त्या लपणात बसला. यंदा हरणं कुठे गेली कळत नाही, म्हणाला. एक आली होती मादी, शंभर यार्डांवर, एकदम मान वर केली आणि पळाली. वारा फिरला असेल, मी म्हणालो. हो, तेच असणार, तो म्हणाला.

त्याला मराठी वाचता येत नाही.