जुने पेपर म्हणे संयमी!

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. म्हणे, जुने पेपर जिंकल्याची बातमीसुद्धा संयमानं देत, तपासल्याशिवाय ओळ छापत नसत, मथळे छोटे असत. आणि 'धूळ चारली', 'अस्मान दाखवलं' ही भाषा टीव्हीवाल्यांनी आणली. एरवी मी अंगठा टाकून पुढं गेलो असतो. पण भाचीनं ते जसंच्या तसं शाळेच्या भाषणात उतरवलं.

टीव्हीनं आणली? मामा, तुमचं आयुष्य कोल्हापुरात, खासबागेच्या कुस्ती मैदानापासून हाकेच्या अंतरावर गेलं की! पैलवान पाठीवर पडला की त्याला वर आभाळच दिसतं, तेच अस्मान. पालथा पडला तर तोंडात माती. चीतपट, धोबीपछाड, चारी मुंड्या चीत, सगळं तालमीतलं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, तेव्हा कुठला टीव्ही होता? क्रिकेटच्या पानावर हे शब्द शोभतात का, हा वेगळा वाद. 'कांगारूंची शिकार' वाचून मलाही शिसारी येते.

तपासून छापत, हे तर कोल्हापूरकरानं बोलूच नये. आपल्याच संस्थानचे दिवाण बर्वे यांच्यावर 'केसरी'-'मराठा'नं पत्रांच्या आधारे आरोप छापले. पत्रं बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. माणसं मोठी, हेतू चांगला, तरी फसले.

पण सगळ्यात घातक ते संयमाचं. पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठी इंग्रज फौज जर्मनांवर चढाईला गेली. ठार, जखमी, बेपत्ता मिळून एका दिवसात ५७,४७० माणसं गेली, त्यातली १९,२४० ठार. लंडनच्या पेपरांत मात्र दिवस आपलाच! 'डेली मेल'चा बातमीदार विल्यम बीच थॉमस यानं १९२५ साली आठवणींत कबूल केलं, की लष्करानं पुरवलेली माहितीच चुकीची होती. आपण लिहिलेलं खोटं होतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्याची मनापासून लाज वाटली. भल्यामोठ्या मथळ्यांनी आणि ठळक छापलेल्या नावानं ती काही कमी झाली नाही. हे लिहिणाऱ्याचं झालं. ज्यांनी तो पेपर चहाबरोबर वाचून पोराच्या पराक्रमाचा आनंद मानला, त्यातल्या कितीतरी घरी मागाहून खबर आली.

आता मथळे. बरं, हे अर्धं खरं. लंडनच्या 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर मे १९६६ पर्यंत बातम्या नसतच, नुसत्या बारीक जाहिराती. पण 'डेली मेल'चे भलेमोठे मथळे १९१६ चेच ना?

भाषण शनिवारी आहे. भाचीनं संयमाचा परिच्छेद काढलाय. 'अस्मान दाखवलं' मात्र ठेवणार म्हणते, बाईंना आवडतं.